कॉलेज संघात पहिला गोलकीपर कोण? २१ नंबर की ३० नंबर?

फोंड्याचा_मास्तर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या संघात दोन गोलकीपर आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तीन आठवड्यांवर आली तरी गोलात कोणाला उभे करायचे ते ठरत नाही. पोरांची नावे इथे नकोत, जर्सीच्या नंबरांनीच बोलू.

२१ नंबर शेवटच्या वर्षाला आहे, उंची ६ फूट १ इंच. कॉर्नर आणि क्रॉस गर्दीतही वरच्या वर पकडतो. आवाज दणदणीत, बचावफळी त्याचे ऐकते. पण जमिनीलगतच्या शॉटला खाली जायला उशीर करतो, उजवीकडे जास्तच. डाव्या पायाने पास देता येत नाही. बॅकपास आला आणि समोरून फॉरवर्ड धावत आला की चेंडू सरळ साइडलाइनबाहेर मारतो. बचावफळीच्या मागे चेंडू पडला तर गोललाइन सोडायला कचरतो.

३० नंबर पहिल्या वर्षाला, उंची ५ फूट ८ इंच. जवळचे शॉट अडवण्यात अतिशय चपळ. दोन्ही पायांनी पास देतो, वन-ऑन-वनला पटकन बाहेर येतो, थ्रो थेट मधल्या रेषेपर्यंत. कॉर्नरला मात्र गर्दीत अडकतो. निघतो, अर्ध्यावर थांबतो आणि मग पंच (मुठीने मारलेला ठोसा) नीट बसत नाही. मैदानावर बोलत नाही.

सहा सराव सामने झाले, प्रत्येकी तीन. २१ वर गोलाच्या दिशेने १४ शॉट आले, १० अडवले. ३० वर १३ आले, ८ अडवले. रचना ४-४-२, एक सेंटरबॅक (मधला बचावपटू) धावण्यात कमी पडतो म्हणून आम्ही बचावफळी फार वर नेत नाही. गटातल्या तीन सामन्यांपैकी दोन कृत्रिम टर्फवर आणि एक मातीच्या मैदानावर. पाऊस अजून संपलेला नाही.

प्रश्न तीन. कोणाला खेळवू? दोघांना आलटूनपालटून खेळवले तर? आणि तीन आठवड्यांत कोणाचे काय सुधारता येईल?


नेटच्या_मागून

सर, दोघांत चांगला कोण, हा प्रश्न तुम्ही विचारताय तसा सुटणार नाही. तुमच्या वर्णनावरून दोघांचे गुण एकमेकांच्या अगदी उलट आहेत. म्हणून प्रश्न फिरवून विचारा: कोणाचा दोष संघाला झाकता येतो आणि कोणाचा येत नाही?

त्यासाठी आधी खाल्लेले नऊ गोल कागदावर मांडा. व्हिडिओ असेल तर उत्तम, नसेल तर दोन्ही सेंटरबॅकना समोर बसवून आठवा. प्रत्येक गोलापुढे चार गोष्टी लिहा. चेंडू कुठून आला. शेवटचा स्पर्श गोलापासून किती मीटरवर झाला. त्या क्षणी कीपर लाइनपासून किती पुढे होता. आणि शॉट सुटताना त्याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर होते का.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त सांगते. १८ मीटरवरून ताशी ८० किलोमीटरने मारलेला चेंडू सुमारे ०.८ सेकंदात गोलात पोचतो. पेनल्टीच्या ११ मीटरवरून तोच वेग धरला तर अर्धा सेकंद. कीपर त्या क्षणी एका पायावर असेल किंवा मागे सरकत असेल, तर या वेळातला मोठा भाग नुसता तोल सावरण्यात जातो. मग बघणारे म्हणतात, ‘रिफ्लेक्स कमी’. प्रत्यक्षात रिफ्लेक्स ठीक असतात, पाय चुकीच्या जागी असतात. ‘२१ खाली जायला उशीर करतो’ यातही मला हाच संशय आहे. उंच मुले पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेवून उभी राहतात आणि हात छातीशी धरतात. पाय इतके फाकले की बाजूला ढकलायला जोरच उरत नाही, आणि हातांना छातीपासून जमिनीपर्यंतचा पूर्ण प्रवास करावा लागतो. त्याला बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. शॉट सुटल्यावर पडण्याआधी तो किंचित वर उडी घेत असेल किंवा उलट्या पायाने मागे पाऊल टाकत असेल, तर उशीर तिथेच होतोय.

मग चाचणी घ्या, दोघांची एकाच दिवशी, तेच किकर आणि तेच चेंडू. दर पाच शॉटनंतर कीपर बदला म्हणजे एकजण दमलेल्या किकरसमोर आणि दुसरा ताज्या किकरसमोर असे होणार नाही. पेनल्टी एरियाच्या (गोलासमोरचा मोठा चौकोन, म्हणजेच बॉक्स) रेषेवरून तीन जागांहून २०-२० शॉट. नंतर दोन्ही बाजूंनी २०-२० क्रॉस, पण रिकाम्या बॉक्समध्ये नको. तीन आक्रमक, तीन बचावपटू आत हवेत, नाहीतर ३० नंबरचा खरा प्रश्न दिसणारच नाही. क्रॉसचे चार रकाने करा: पकडला, पंच केला, राहून बरोबर केले, चुकीचा निघाला. शेवटचा रकाना सगळ्यात महाग. त्यानंतर दडपणाखालचे बॅकपास: सेंटरबॅकने चेंडू मागे दिला की १० मीटरवरून एक फॉरवर्ड धावत सुटतो, कीपरला दोनच स्पर्श, आणि पास दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे शंकू ठेवून केलेल्या १० मीटर रुंद दारातून गेला पाहिजे. असे १०-१० प्रत्येक पायाने.

उंचीबद्दल एकच. १७३ सेंटिमीटरच्या मुलाने धावत येऊन वेळेवर उडी मारली तर त्याचे तळवे साधारण पावणेतीन मीटरवर जातात. तेवढ्याच उंचीचा फॉरवर्ड अर्धा मीटर उडाला तरी त्याचे कपाळ सव्वादोन मीटरच्या आसपासच राहते. म्हणजे हातांना अर्ध्या मीटरची आघाडी असतेच. मेक्सिकोचा होर्हे काम्पोस १ मीटर ६८ सेंटिमीटरचा होता आणि १९९४ आणि १९९८ या दोन्ही विश्वचषकांत गोलात उभा होता. ३० नंबर कॉर्नरला कमी पडतो तो उंचीमुळे नव्हे, अर्ध्यावर थांबल्यामुळे. निघायचे तर पूर्ण निघायचे, नाहीतर लाइनवर राहायचे. मधली जागा कीपरची नाही.


आकडेमोड

मास्तर, १४ पैकी १० आणि १३ पैकी ८ यांवरून काहीही ठरवू नका. समजा दोघे अगदी सारखे आहेत, तीन शॉटपैकी सरासरी दोन अडवणारे. तरी १४ शॉटमध्ये निव्वळ योगायोगाने पावणेदोन सेव्ह इकडेतिकडे होतात. तुमचा फरक त्याच्या आत बसतो. सेव्हच्या प्रमाणात दहा टक्क्यांचा खरा फरक खात्रीने पकडायचा तर प्रत्येकी साडेतीनशेच्या घरात शॉट लागतील. कॉलेजच्या एका मोसमात एवढे शॉट जमत नाहीत.

शिवाय सगळे शॉट सारखे नसतात. २५ मीटरवरून थेट हातात आलेला शॉट आणि सहा मीटरवरचा हेडर एकाच रकान्यात मोजलेत तर आकडा दिशाभूलच करणार. वर दादांनी सांगितलेली चाचणी घ्याच, पण ‘किती अडवले’ बघण्यासाठी नको. कुठल्या प्रकारचा शॉट पुन्हा पुन्हा जातो, ते बघण्यासाठी. एकच चूक चार वेळा दिसली तर ती योगायोगाची नसते.


सालसेतचा_कीपर

मी ३० नंबरच्या बाजूने. दोन सामने टर्फवर आहेत हे विसरू नका. ओल्या टर्फवर चेंडू टप्पा पडला की वेग सोडत नाही, उलट सरपटत आत येतो. खाली जायला उशीर करणाऱ्या कीपरला हा शॉट सगळ्यात वाईट. बॅकपासही तिथे वेगाने येतो आणि पहिला स्पर्श थोडा चुकला तर दोन मीटर पुढे निघून जातो. म्हापशाच्या धुळेर मैदानासारख्या टर्फवर समोरचा संघ वरून दाबायला लागला, की पायांनी खेळू न शकणारा कीपर म्हणजे दर पाच मिनिटांनी प्रतिस्पर्ध्याला थ्रो-इन. तो थ्रो-इन बॉक्सच्या जवळ झाला तर लांब थ्रो आत येणार, आणि पुन्हा गर्दी.

मातीच्या मैदानावर उलटे होते. लाल माती भिजली की गोलासमोरचा भाग आधी उखडतो, कारण दोन्ही संघ तिथेच सराव करतात. चेंडू खड्ड्यात अडकतो किंवा दगडावरून उसळतो. तिथे जमिनीवरचा चेंडू पकडताना हातांच्या मागे शरीर हवेच. एक गुडघा खाली, दुसरी पोटरी आडवी, म्हणजे हातातून सुटला तरी पायाला लागेल.

ओला चेंडू गर्दीत पकडायला जाऊ नये, पंच करावा. दोन्ही मुठी जुळवून, आलेल्या बाजूलाच परत किंवा साइडलाइनकडे, उंच आणि लांब. समोर मध्यावर परतवलेला चेंडू हमखास दुसऱ्या शॉटला आमंत्रण. पॅरीही (चेंडू न पकडता हाताने बाजूला वळवणे) तशीच: मनगट कडक, तळवा किंचित बाहेरच्या बाजूला, चेंडू पोस्टच्या पलीकडे.

आता हातमोजे. पोरे इथेच पैसे वाया घालवतात. लॅटेक्स कोरडे असेल तर पकड येत नाही, सामन्याआधी तळवे ओले करून हलके दाबून पाणी काढायचे. पावसासाठी ओल्यात पकड देणारे वेगळे लॅटेक्स मिळते, सामन्यासाठी ती एक जोडी राखून ठेवा आणि सरावाला जुनी वापरा. टर्फ आणि लाल मातीतली बारीक खडी दोन्ही तळवे सोलतात. उठताना तळव्यावर भार देऊन उठायची सवय मोडा, मुठीवर उठा. सामन्यानंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचे, पिळायचे नाहीत, उन्हात ठेवायचे नाहीत. आपल्या दमट हवेत बॅगेत कोंडले तर दोन दिवसांत बुरशी. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली वाळवावेत.

बूटही बघा. टर्फवर लांब धातूचे स्टड नकोत. आखूड आणि जास्त संख्येने असलेले टर्फचे स्टड हवेत. गुडघा वळताना लांब स्टड अडकला तर मोसम संपतो.


फोंड्याचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी दोन्ही सेंटरबॅकना घेऊन नऊ गोल मांडले.

२१ असताना चार. एक कॉर्नरवरून, दूरच्या पोस्टजवळ मोकळ्या खेळाडूचा हेडर. दोन बचावफळीच्या मागे पडलेल्या चेंडूवर. दोन्ही वेळा २१ जवळजवळ लाइनवरच उभा होता. एक २० मीटरवरून, उजव्या कोपऱ्यात जमिनीलगत.

३० असताना पाच. तीन कॉर्नर आणि फ्री किकवरून: त्यांतले दोन हेडर गोल एरियाच्या (गोलासमोरचा छोटा चौकोन) रेषेवर, अगदी मधोमध, तिसरा लांब नऊ मीटरवर. एक रिबाउंड, त्याने चेंडू समोर परतवला होता. एक पेनल्टी.

मोबाइलवर २१ ला टिपला. नेटच्या_मागून म्हणाले तसेच निघाले. शॉट सुटताना पाय खूप रुंद, आणि उजवीकडे पडण्याआधी डावा पाय मागे जातो.


नेटच्या_मागून

सर, आता चित्र स्पष्ट झाले. एकेक बघू.

कॉर्नरचे चार गोल. दूरच्या पोस्टजवळ मोकळा राहिलेला खेळाडू ही मार्किंगची चूक, ती दोघांच्याही खात्यावर घालू नका. नऊ मीटरवरच्या हेडरला कुठलाच कीपर बाहेर येत नाही, यायलाही नको. उरले दोन, गोल एरियाच्या रेषेवर, साडेपाच मीटरवर, मधोमध. ते कीपरचे. कॉर्नरच्या कोपऱ्यापासून तिथपर्यंत चेंडूला साधारण दीड-दोन सेकंद लागतात. पाच मीटर जायला तेवढा वेळ पुरतो, पण निर्णय चेंडू सुटताक्षणी झाला पाहिजे. गर्दीतला हा निर्णय शेकडो क्रॉस खाल्ल्यावर येतो. तीन आठवड्यांत येत नाही.

आता २१ चे तीन. बचावफळीच्या मागचे दोन गोल तुम्ही ‘कचरतो’ या शब्दात टाकलेत, पण तो लाइनवर उभा होता हे तुम्हीच लिहिलेत. लाइनवरून १८ मीटरवरच्या चेंडूपर्यंत कोणीच वेळेत पोचत नाही, म्हणून तो थांबतो. इथे धैर्याचा काही संबंध नाही, सुरुवातीची जागा चुकते. चेंडू आपल्या ताब्यात आणि मधल्या रेषेपलीकडे असेल तर त्याने पेनल्टी एरियाच्या टोकाशी यायचे. चेंडू मधल्या रेषेवर आला की पेनल्टी स्पॉटजवळ. ३० मीटरच्या आत आला की गोल एरियाच्या टोकाशी. सरावात तीन शंकू ठेवा आणि प्रत्येक पासला त्याला चालत जागा बदलायला लावा. आठवड्यात सवय लागते. गोलकीपरच्या सगळ्या दोषांत हा सुधारायला सर्वांत स्वस्त.

जमिनीलगतच्या शॉटला थोडा जास्त वेळ. पाय खांद्याइतकेच रुंद, हात गुडघ्यांच्या उंचीवर आणि किंचित बाहेर, वजन पंजांवर. शॉट शरीराजवळ असेल तर उडी नाही. जवळचा पाय मोडून जागा करायची आणि हात आधी खाली. लांब असेल तर त्याच बाजूच्या पायाचे एक पाऊल पुढे तिरके, मग ढकल. आधी गुडघ्यांवर बसून, मग उकिडवे, मग उभे राहून. सहा-सात मीटरवरून हाताने घरंगळत टाकलेले चेंडू, प्रत्येक बाजूला आठ, तीन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. आठवड्यातून चार दिवस. शॉट पंधरवड्यानंतरच. दमल्यावर करू नका, जुनी सवय लगेच परत येते.

पाय उरले. सालसेतच्या दादांचे म्हणणे खरे आहे, टर्फवर दोन सामने २१ ला अवघड जातील. पण हा दोष संघाने झाकता येतो. बॅकपास कायम त्याच्या उजव्या पायावर आणि गोलाच्या बाहेरच्या रेषेत, गोलाच्या समोरून कधीच नाही. उजवा सेंटरबॅक पास दिल्यावर लगेच रुंद उघडतो. तिथे पास नसेल तर उंच फॉरवर्डच्या दिशेने ठरलेल्या बाजूला लांब किक, साइडलाइनबाहेर नाही. दोन मध्यरक्षक दुसऱ्या चेंडूसाठी आधीच त्या बाजूला सरकलेले हवेत. गोल किक सेंटरबॅकने घेतली तरी चालते, पण तो गोल एरियातून बाहेर येईपर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या फॉरवर्डना ऑफसाइड लागत नाही. किक मारून त्याने धावत वर यायचे, हे बजावून ठेवा.

३० चा कॉर्नरचा दोष असा झाकता येईल का? अंशतः. गोल एरियाच्या मधोमध सगळ्यात चांगला हेडर मारणारा उभा केला आणि कीपरला लाइनवरच ठेवला तर चालते. पण तुमच्याकडे असा खेळाडू असता तर ते दोन गोल झाले नसते. आणि कॉलेज स्तरावर, पावसात, धोक्याचे बहुतेक चेंडू कॉर्नर, फ्री किक आणि लांब थ्रोवरूनच येतात. तुमची बचावफळी खाली खेळते, म्हणजे मागे पडणारे चेंडू कमी आणि क्रॉस जास्त. माझे मत २१.


सालसेतचा_कीपर

गोलांची मांडणी बघून मत बदलले. बचावफळी खाली असेल तर २१. पण एक अट: मागे पडून बरोबरीसाठी बचावफळी वर न्यावी लागली तर? तेव्हा सुरुवातीच्या जागेची सवय शंभर टक्के झालेली हवी. दुसऱ्या हाफमध्ये दमल्यावर कीपर नकळत लाइनकडे सरकतो. बेंचवरून कोणीतरी दर मिनिटाला ‘वर ये’ ओरडणारा नेमा. आणि हाका सगळ्यांच्या एकच ठरवा. ‘म्हजो’ म्हणजे कीपरचा, ‘सोड’ म्हणजे बचावपटूने हात लावायचा नाही, ‘बाहेर’ म्हणजे मार. ३० नंबरलाही आजपासून या तीन हाका सरावात मोठ्याने द्यायला लावा. बोलणे स्वभावावर सोडू नका, ते पासइतकेच शिकवावे लागते. पाच क्रॉस हाकेशिवाय घेतले तर पाचही मोजायचे नाहीत.


शिट्टी_बांबोळी

नियमांच्या चार गोष्टी, कारण कीपर निवडताना त्या विसरल्या जातात.

कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर २०२५-२६ पासून प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजून दाखवतो. आघाडी राखताना चेंडूवर पडून राहायची जुनी सवय असेल तर ती आता थेट महागात पडते, आणि कॉर्नरला कमजोर असलेल्या संघाला दुप्पट. ३० चा लांब थ्रो इथे मोठे हत्यार आहे, २१ ला किमान २५ मीटरचा थ्रो शिकवा.

पेनल्टीला किक होताना कीपरच्या एका पायाचा काही भाग लाइनवर, लाइनच्या वर हवेत किंवा मागे हवा. आधी पुढे आला आणि चेंडू अडवला तर किक पुन्हा. पहिल्या वेळी समज, पुढच्या वेळी पिवळे कार्ड.

आउटफिल्डमधला (कीपर सोडून मैदानावरचा) खेळाडू गोलात घ्यायचा तर खेळ थांबलेला असताना आणि रेफरीला सांगूनच.

आणि पश्चिमेच्या उन्हात कीपरला टोपी घालायची परवानगी आहे. चार वाजताच्या सामन्यात ही बॅगेत असू द्या.


दूरवरून_बघणारा

आलटूनपालटून खेळवण्याबद्दल. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये (लंबगोल चेंडूचा वेगळा खेळ) दोन क्वार्टरबॅकमधून, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंमधून, एक निवडण्याचा हाच पेच दरवर्षी पडतो. २००६ च्या मोसमात फ्लोरिडाने क्रिस लीकला मुख्य ठेवले आणि नवख्या टिम टीबोला ठरावीक वेळी, ताकदीने पुढे घुसायचे असेल तेव्हा आणले. जानेवारी २००७ मध्ये ओहायो स्टेटला ४१-१४ हरवून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद घेतले. पण तिथे बदली अमर्याद असते, एका खेळीपुरता आत आणि लगेच बाहेर. आपल्या खेळात बाहेर गेलेला परत येत नाही. म्हणून ‘कॉर्नरला हा, बॅकपासला तो’ हे इथे शक्यच नाही.

त्याच खेळातले दुसरे उदाहरण तुमच्या कामाचे. जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात अलाबामाने हाफटाइमला जेलेन हर्ट्सला बसवून तुआ टागोव्हायलोआला आणले आणि जॉर्जियाला २६-२३ हरवले. पुढच्या मोसमात हर्ट्स दुसऱ्या क्रमांकावर गेला. डिसेंबरमध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, पुन्हा जॉर्जियासमोरच, तुआ जखमी झाला आणि मागे पडलेला संघ हर्ट्सने ३५-२८ असा जिंकून दिला. बसवलेल्या खेळाडूची तयारी एक दिवसही थांबली नव्हती, म्हणून हे झाले.

आपल्या फुटबॉलमध्ये दोन कीपर वापरणारे संघ ते सामन्यांनुसार नव्हे, स्पर्धांनुसार वाटतात. बार्सिलोनाने २०१४-१५ मध्ये लीगला ब्राव्हो, चॅम्पियन्स लीग आणि कपला टेर स्टेगन ठेवला आणि तिन्ही जिंकले. तुमच्याकडे स्पर्धा एकच. बचावफळीला दर सामन्यात नव्या आवाजाची आणि नव्या जागेची सवय करायला लावू नका.


फोंड्याचा_मास्तर

मग २१. पण नॉकआउटला बरोबरी झाली तर पेनल्टीसाठी ३० ला आणावे का? चपळ तोच जास्त आहे. २०१४ च्या विश्वचषकात हॉलंडने कोस्टा रिकासमोर शेवटच्या मिनिटाला टिम क्रूलला आणले होते, त्याने दोन अडवल्या.


शिट्टी_बांबोळी

मास्तर, आणता येते, पण बदली शिल्लक ठेवावी लागेल आणि खेळ संपण्याआधीच करावी लागेल. शूटआउट सुरू झाल्यावर बेंचवरचा कीपर आणता येतो तो फक्त मैदानावरचा कीपर खेळू शकत नसेल तेव्हा, आणि बदली उरली असेल तरच.


नेटच्या_मागून

आणण्याआधी मोजा. दोघांना सरावानंतर, दमलेल्या अवस्थेत, संघातल्या त्याच पाच किकरसमोर दर दोन दिवसांनी दहा-दहा पेनल्टी. किती अडवल्या यापेक्षा किती वेळा योग्य बाजूला आणि किकनंतरच हलला ते लिहा. चपळ कीपर बऱ्याचदा आधी हलतो आणि किकर दुसऱ्या बाजूला मारतो. २१ च्या लांब हातांमुळे उशिरा निघूनही तो कोपऱ्यापर्यंत पोचेल. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्याला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात हैदराबादच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीने शूटआउटमध्ये तीन अडवल्या, तोही पूर्ण सामना खेळून. आपल्याच गोव्याचा कीपर. बदली हाच एक मार्ग नाही.

आणि निर्णय दोघांना एकत्र बोलावून सांगू नका. आधी ३० ला एकट्याला सांगा, कारणासकट: गोल एरियाच्या रेषेवरचे दोन हेडर, व्हिडिओ दाखवून. त्याला पुढचे काम द्या, रोज सरावानंतर गर्दीत ३० क्रॉस, निघायचे तर पूर्ण निघायचे. मग २१ ला. त्यानंतर बचावफळीला. फळ्यावर लागलेल्या यादीतून पोराला कळता कामा नये.


फोंड्याचा_मास्तर

सोमवारपासून चाचणी, शुक्रवारी ३० शी बोलतो. वॉर्मअपला ३० ने २१ ला सर्व्ह करावे की दुसऱ्या कोणी?


सालसेतचा_कीपर

३० नेच. सामन्याआधी ३५ मिनिटे: पाच मिनिटे हलके धावणे, मग समोरासमोर हाताने चेंडू, मग जमिनीलगत दोन्ही बाजूंना चार-चार, मग तुम्ही बाजूने दहा क्रॉस द्या आणि ३० त्याच्यासमोर फॉरवर्डसारखा उडी मारेल. शेवटची पाच मिनिटे बॅकपास. टर्फ ओले आहे का ते त्या पहिल्या जमिनीवरच्या चेंडूला कळते, तेव्हाच ठरवा मोजे कोणते घालायचे.


फोंड्याचा_मास्तर

देव बरें करूं सगळ्यांना. चाचणीचे रकाने भरले की इथे टाकतो.